माळ घालू का? वारकरी होऊ पाहणाऱ्या तरुण मुलामुलींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्येष्ठ महिना लागला की फोन सुरू होतात. आमची दिंडी लहान, जेमतेम दोनशे माणसांची. पण अलीकडे तिच्यात विशी-पंचविशीची मुलं वाढली आहेत आणि मनातले प्रश्न महाराजांना विचारायला ती बिचकतात. मग रात्री साडेअकराला मला मेसेज येतो, "काका, एक विचारू का?" तेच ते प्रश्न इतक्यांदा आले की उत्तरं एकदा लिहूनच काढावीत असं वाटलं. प्रत्येक फडाची, म्हणजे एकेका महाराजांच्या परंपरेने चालणाऱ्या वारकऱ्यांच्या गटाची, रीत थोडी वेगळी असते. खाली आहे ते आमच्याकडे जसं चालतं तसं. मधूनमधून माझं स्वतःचं मतही आहे, ते मत म्हणूनच घ्या.

१. वारकरी आणि माळकरी एकच का? माळ घालतात म्हणजे नेमकं काय करतात?

नेमाने पंढरीची वारी करतो तो वारकरी. गळ्यात तुळशीची माळ घालून त्यासोबतचे नियम पत्करतो तो माळकरी. बहुतेक जण दोन्ही असतात, पण वारीत चालणाऱ्या प्रत्येकाच्या गळ्यात माळ असतेच असं नाही.

माळ परंपरेने १०८ मण्यांची, मध्ये मेरुमणी. पंढरपुरात, आळंदीत किंवा गावच्या सप्ताहात एखाद्या अधिकारी महाराजांच्या हातून ती गळ्यात पडते. आधी ज्ञानेश्वरीवर किंवा देवाच्या पायावर ठेवतात, मग घालतात. विधी पाच मिनिटांचा. होमहवन नाही, दक्षिणेचा आकडा नाही. कुणी आकडा सांगितलाच तर तिथून उठावं.

२. नियम किती आणि कोणते?

मांसाहार नाही, दारू नाही. परस्त्री-परपुरुष आणि परधन यांच्याकडे वाकडी नजर नाही. खोटं बोलायचं नाही. पंधरा दिवसांची एकादशी, रोज हरिपाठ, आणि वर्षातून एकदा तरी पंढरपूर. आषाढी, कार्तिकी, माघी आणि चैत्री अशा चार मोठ्या वाऱ्या आहेत, त्यातली निदान एक.

प्रश्न नव्वद टक्के मटण आणि दारूबद्दलच येतात. खोटं न बोलण्याबद्दल आजवर एकानेही विचारलेलं नाही. माझ्या अनुभवात खरा कस तिथेच लागतो. "साहेब, गाडी बंद पडली म्हणून उशीर झाला" हे वाक्य माळ घातल्यावर तोंडातून निघत नाही, आणि निघालं तर दिवसभर सलतं.

३. मी एकवीस वर्षांचा आहे. हे सगळं निवृत्तीनंतर करायचं ना?

ज्ञानेश्वरी १२९० साली नेवाशात सांगून झाली तेव्हा सांगणारा पंधरा-सोळा वर्षांचा होता. १२९६ साली आळंदीला समाधी घेतली तेव्हा विशी जेमतेम ओलांडलेली. ताटी बंद करून रुसून बसलेल्या त्या भावाची समजूत काढणारी मुक्ताबाई तर त्याच्याहूनही लहान. बहिणाबाई तुकोबांच्या देहूला पोचल्या तेव्हा विशीच्या आतबाहेरच होत्या. या परंपरेच्या पायाशी म्हातारी माणसं कमी आणि पोरंच जास्त आहेत. आपण तसबिरीत त्यांना मोठं करून ठेवलंय.

दुसरी गोष्ट अगदी साधी आहे. पालखीचा रस्ता अडीचशे किलोमीटरच्या घरात जातो. साठीनंतर चालणारे चालतातच, पण मृदंग गळ्यात अडकवून दिवेघाट चढायला पाठीला विशीतलाच कणा लागतो.

अभ्यास, नोकरी, संशोधन आणि माळ यांचं वैर नाही. सोनोपंत दांडेकर म्हणजे मामासाहेब. ते तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, पुण्याच्या एस. पी. महाविद्यालयाचे प्राचार्य आणि पक्के वारकरी. वर्गात कांट शिकवणारा माणूस संध्याकाळी कीर्तनाला उभा राही. त्यांचे गुरू विष्णुबुवा जोग. त्यांनीच १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली, तीही याच विचाराने की तरुण मुलांना कीर्तन-प्रवचन नीट शिकून करता यावं.

४. ठरलं तर मग. या आषाढीलाच माळ घालू का?

थांबा. माझं मत काही महाराजांना पटत नाही, तरी सांगतो. आधी दोन वाऱ्या करा, एक सप्ताह करा, मग माळेचं बोला. वारीहून आलेल्या उमाळ्यात घातलेली माळ गौरी-गणपतीपर्यंत खुंटीला लागलेली मी पाहिली आहे. त्यानंतर तो मुलगा देवळाकडेही फिरकत नाही, कारण लाज वाटते. माळ गेली त्याचं फार नाही, पण मुलगा जातो.

त्याऐवजी हातात टाळ घ्या. तुमच्या गावात किंवा सोसायटीजवळ भजनी मंडळ असतंच. तिथे एकादशीच्या रात्री जाऊन मागच्या रांगेत बसा. गेल्या वर्षी एक इंजिनिअरिंगचा मुलगा आला होता. टाळ इतके घट्ट धरायचा की ठक्क ठक्क वाजायचे, भांडं आपटल्यासारखे. शेजारच्या आजोबांनी भजन न थांबवता त्याची मूठ उघडली, दोरी दोन बोटांवर घेतली आणि वाटी सैल सोडून दिली. पुढच्या ठोक्याला टाळ झणकन वाजला आणि पोरगा दचकून हसला. त्या रात्री तो बारा वाजेपर्यंत बसला. आदल्या महिन्यात त्यालाच मी नामाचं महत्त्व तासभर समजावलं होतं, तेव्हा तो घड्याळ बघत होता.

दुसरं काम म्हणजे विण्याचा पहारा. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवत नाहीत. एकाच्या गळ्यातून काढून पाया पडून दुसऱ्याने घ्यायची. रात्री दोन ते चारचा पहारा म्हाताऱ्या माणसांना जड जातो. तो मागून घ्या. देवळात समई, झोपलेलं एखादं कुत्रं आणि तुम्ही. त्या दोन तासांत माळ घालायची की नाही ते तुमचं तुम्हालाच कळेल.

५. हरिपाठ रोज म्हणतो, पण मन लागत नाही. अर्थही कळत नाही. उपयोग काय?

ज्ञानोबांच्या हरिपाठाचा पहिलाच अभंग देवाच्या दारात क्षणभर उभं राहण्याचा आहे. तिथे तासभर ध्यान लावून बसायला सांगितलेलं नाही. मन न लागणं हे वर्षानुवर्षं म्हणणाऱ्यांनाही चुकलेलं नाही, फक्त ते बोलून दाखवत नाहीत.

जुळवून घ्यायच्या दोन युक्त्या. एकट्याने पुटपुटू नका, चालीत म्हणा, मोठ्याने म्हणा. हॉस्टेलवर दोघं असाल तर एकाने चरण म्हणायचा, दुसऱ्याने धरायचा. आणि अर्थासाठी सगळा हरिपाठ एकदम घेऊ नका. आठवड्याला एकच अभंग घ्या, सार्थ प्रत पंचवीस-तीस रुपयांत कुठल्याही देवळाबाहेर मिळते. सत्तावीस-अठ्ठावीस अभंग, म्हणजे साधारण सहा महिने. बसमध्ये म्हटला तर चालतो का, असं विचारतात. चालतो. लोकलमध्ये भजन करत जाणारी मंडळी मुंबईत पिढ्यान्‌पिढ्या आहेत.

६. एकादशी कशी धरायची? साबुदाण्याची खिचडी चालते ना?

धान्य नाही, हा मूळ नियम. दशमीला रात्री हलकं खायचं, एकादशीला उपवास, द्वादशीला सकाळी नैवेद्य दाखवून बारस सोडायची. वर्षाला चोवीस एकादश्या, अधिक महिना आला तर सव्वीस.

खिचडी चालते. पण आपल्याकडे 'एकादशी दुप्पट खाशी' ही म्हण उगीच पडलेली नाही. खिचडी, वेफर्स, बटाट्याचा कीस, वर शेंगदाण्याचा लाडू आणि मग दुपारी ऑफिसात झोप! एकदा फळं आणि ताकावर काढून बघा. परीक्षा असेल तर दूध-खजूर ठेवा. मधुमेह असेल, गरोदर असाल किंवा ॲसिडिटीने आडवे होत असाल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय निरंकार वगैरे काही करू नका. त्या दिवशी चार अभंग जास्त म्हणा आणि जेवा.

७. कॅलेंडरवर लागोपाठ दोन दिवस एकादशी छापलेली असते. आपली कोणती?

दुसऱ्या दिवशीची, म्हणजे 'भागवत' लिहिलेली. पहाटे अरुणोदयाच्या वेळी दशमीचा अंश शिल्लक असेल तर वैष्णव ती एकादशी धरत नाहीत, पुढचा दिवस धरतात. 'स्मार्त' ही इतरांची. बहुतेक वेळा दोन्ही एकाच दिवशी येतात, त्यामुळे हा घोळ वर्षातून मोजक्या वेळाच होतो.

८. कांदा-लसूण सोडावा लागतो का? आणि वाढदिवसाचा केक?

कांदा-लसूण बहुतेक माळकऱ्यांच्या घरी रोज चालतो. चातुर्मासात मात्र पुष्कळ जण कांदा, लसूण, वांगी सोडतात. म्हणून तर आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी असते. त्या दिवशी कांद्याची भजी, कांद्याची थालीपिठं, कांदेभात असं पोटभर खाऊन घ्यायचं आणि मग चार महिने रामराम. काही फडांवर बारा महिने बंदी असते. ज्यांच्याकडून माळ घ्याल त्यांना विचारा.

केकमध्ये अंडं असेल तर नाही. बिनअंड्याचा आता कुठेही मिळतो, मित्रांना आधी सांगून ठेवा.

९. ऑफिसची पार्टी असते. सगळे पितात. मी काय करू?

जा. लिंबू सोडा घ्या, गप्पा मारा, वेळेत निघा. सगळ्यात जास्त त्रास पहिल्या दोन पार्ट्यांना होतो, कारण प्रत्येकाला कारण हवं असतं. "डॉक्टरांनी सांगितलंय" असली थाप मारू नका (प्रश्न २ पुन्हा वाचा). "माळ आहे" एवढं म्हणा. महाराष्ट्रात या दोन शब्दांना अजून वजन आहे. पेला पुढे करणारा हात बहुतेकदा तिथेच मागे जातो, आणि पुष्कळदा तोच माणूस नंतर बाजूला घेऊन सांगतो, "आमचे आजोबा होते माळकरी."

एकच पथ्य पाळा. दुसऱ्याच्या ताटाकडे आणि पेल्याकडे बघून तोंड वाकडं करू नका. माळ घातल्यावर महिनाभरात मित्रांना प्रवचन द्यायला लागलेली मुलं मला पिणाऱ्यांपेक्षा अवघड वाटतात.

१०. पूर्ण वारीला सुट्टी मिळत नाही. दोन दिवस चाललो तर ती वारी होते का?

माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते आणि आषाढ शुद्ध दशमीला पंढरपुरात पोचते. एवढी सलग रजा कोणती कंपनी देणार? आयटीतली कितीतरी मुलं शनिवार-रविवार गाठून आळंदी ते पुणे किंवा पुणे ते सासवड असा एखादा टप्पा चालतात. काही जुन्या मंडळींना हे हौशी वाटतं. मला नाही वाटत. आमच्या दिंडीत आज मृदंग वाजवणारा मुलगा पहिल्या वर्षी फक्त दिवेघाट बघायला आला होता, गळ्यात कॅमेरा अडकवून.

एक वर्ष आळंदी ते सासवड, पुढच्या वर्षी सासवड ते लोणंद, त्यापुढे फलटण, असं जोडत जा. किंवा शेवटचे तीन दिवस या. वाखरीपासून पंढरपूरपर्यंतचं वातावरण वेगळंच असतं. कार्तिकीला गर्दी आषाढीहून कमी आणि हवा चांगली, हे नोकरदार मुलांच्या लक्षात येत नाही.

११. पहिल्यांदाच चालणार आहे. सोबत काय घ्यावं? दिंडीत कसं शिरायचं?

एकटे निघू नका. कुठल्या तरी दिंडीत नाव नोंदवा आणि भिशी भरा. त्यात दोन वेळचं जेवण, चहा आणि राहुटीतली जागा येते. सामान ट्रकमध्ये जातं, अंगावर छोटी पिशवी ठेवायची. दिंड्यांचे नंबर ठरलेले असतात, काही रथाच्या पुढे, काही मागे. रात्री मुक्कामी राहुटी सापडली नाही तर तोच नंबर विचारत फिरायचं, म्हणून तो हातावर पेनाने लिहून घ्या. फोनची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते.

नवे बूट घालून येऊ नका. मी माझ्या पहिल्या वारीला कोरे करकरीत बूट घालून गेलो आणि सासवडला दोन्ही टाचा सोलून बसलो. एका अनोळखी म्हाताऱ्याने माझे पाय मांडीवर घेऊन खोबरेल चोळलं. मी पाय ओढायला लागलो तर म्हणाला, "माउली, गप बसा." वापरलेल्या चपला, एक जादा जोड, मेणकापड किंवा रेनकोट, सुती टॉवेल, गोळ्या-औषधं, टॉर्च. जीन्स नको. एकदा भिजली की तीन दिवस वाळत नाही.

दिंडीत चालताना ओळ मोडू नका. पुढे पताका, मग टाळकरी, मृदंग, वीणेकरी, मागे तुळशी डोक्यावर घेतलेल्या बाया. वीणेकऱ्याच्या पुढे-मागे मध्येच घुसून सेल्फी काढू नका. कुणीही भेटलं की "रामकृष्णहरी" म्हणून पाया पडायचं. आणि समोरचा सत्तर वर्षांचा असला तरी तोही तुमच्या पाया पडणार. पहिल्यांदा अवघडल्यासारखं होतं. पडू द्या.

१२. एवढं चालून गेलो आणि दर्शनच झालं नाही तर?

आषाढीला बहुतेकांचं होत नाही. दर्शनबारी गावाबाहेर कुठच्या कुठे जाते. चंद्रभागेत स्नान, पुंडलिकाचं दर्शन, नामदेव पायरीला डोकं टेकवायचं, कळसाला हात जोडायचे, प्रदक्षिणा करायची. शेकडो वर्षं लाखो लोक एवढंच करून समाधानाने परतले आहेत. विठोबाच्या पायावर डोकं ठेवायचंच असेल तर एरवी एखाद्या साध्या बुधवारी या. पायावर डोकं ठेवता येतं असं दुसरं एवढं मोठं देऊळ सहसा सापडायचं नाही.

१३. मुलींनी माळ घातली तर चालते का? आणि वारीत पाळी आली तर?

चालते. मुक्ताबाई, जनाबाई, सोयराबाई, कान्होपात्रा, बहिणाबाई यांचे अभंग म्हणायचे आणि मुलींना माळ नाही म्हणायचं, हे कसं जमेल? आज तरुण कीर्तनकार मुलीही पुष्कळ आहेत.

पाळीचं विचाराल तर वाटेवर कुणी कुणाला विचारत नाही. हजारो बायका चालत असतात, अडीच-तीन आठवड्यांत कितीजणींची पाळी येत असेल! नामाला सोवळं-ओवळं नाही. काही घरांत त्या दिवसांत माळेला, पोथीला हात लावू देत नाहीत. तिथे वाद घालायचा की नाही ते तुम्ही ठरवा, पण माळ त्यासाठी काढायची गरज नाही. खरी अडचण स्वच्छतागृहांची असते. ती आता पूर्वीपेक्षा बरी आहे, तरी पॅड, कागदी पिशव्या आणि साबण सोबत ठेवा आणि दिंडीतल्या एखाद्या ताईंना आधीच सांगून ठेवा.

१४. वारकरी पंथात जात नाही म्हणतात. खरंच नाही?

संतांच्या यादीत शिंपी, कुंभार, माळी, न्हावी, सोनार, महार, ब्राह्मण, कुणबी सगळे आहेत. ब्राह्मण घरातल्या बहिणाबाईंनी कुणबी तुकोबांना गुरू केलं आणि त्यापायी नवऱ्याचा मार खाल्ला. हे सगळं खरं. आणि चोखोबांना देवळात जाऊ दिलं नाही, हेही तितकंच खरं. त्यांची समाधी महाद्वारासमोर आहे, बाहेर. विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना १९४७ सालच्या मे महिन्यात पंढरपुरात दहा दिवस उपोषण करावं लागलं. तेव्हा कुठे दार उघडलं.

म्हणून "आमच्यात जात नाही" असं छाती फुगवून सांगू नका. तुमच्या दिंडीत पंगतीला कोण कुणाशेजारी बसतं, स्वयंपाकाला कोणाला हात लावू देतात, ते बघा. खटकलं तर विचारा. तरुणांनी विचारलं की मोठी माणसं आधी चिडतात, मग दोन वर्षांनी गुपचूप बदलतात. आमच्याकडे झालंय तसं.

१५. घरात सगळे मटण खातात. मी एकटाच माळकरी. आणि पुढे लग्नाचं काय?

रविवारी घरात रस्सा शिजला म्हणून वेगळी चूल मांडू नका. आईला एक जादा भाजी करावी लागते, ती तुम्ही करायला शिका. अर्धी भांडणं तिथेच मिटतात. माळ तुमच्या गळ्यात आहे, घराच्या नाही.

लग्नाचं पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगा. "नंतर बघू" म्हणून लपवलेली माळ पुढे फार महाग पडते. जोडीदाराने खाल्लं तर चालेल का, घरात शिजवलेलं चालेल का, मुलांचं काय, हे तीन प्रश्न आधीच बोलून घ्या. एक खातो, एक खात नाही असे सुखाचे संसार मी पाहिले आहेत. बळजबरीने दोघांच्याही गळ्यात माळ असलेलं एक घरही पाहिलंय, तिथे सुख नव्हतं.

१६. माळ तुटली तर? ऑपरेशन किंवा एमआरआय असेल तर?

जुनी रीत अशी की गळ्यात माळ नसताना अन्नपाणी घ्यायचं नाही. आमच्यातला एक मुलगा हॉस्टेलवर आंघोळ करत असताना दोरा तुटला. मणी फरशीवर घरंगळले, काही मोरीत गेले. पोरगा संध्याकाळपर्यंत उपाशी, गुडघ्यावर बसून मणी वेचतोय, आणि मला फोनवर रडवेला सांगतोय, "काका, एकशे तीनच सापडले." त्याला म्हटलं, आधी पाणी पी. कोपऱ्यावरच्या पूजेच्या दुकानातून नवी माळ आण, देवासमोर ठेव, घाल आणि जेव. सापडलेले मणी पुडीत बांधून तुळशीच्या कुंडीत ठेव. तेव्हापासून सगळ्यांना सांगतो, बॅगेत एक जादा माळ ठेवा आणि वर्षातून एकदा दोरा बदलून घ्या.

दवाखान्यात डॉक्टर काढा म्हणाले की काढायची. तारेत ओवलेली माळ तर एमआरआयच्या खोलीत नेऊच नका, तार धातूची असते. काही जण तेवढ्यापुरती सुती दोऱ्याची माळ मनगटाला बांधतात. तेही नको म्हणाले तर घरच्यांच्या हातात द्या. शुद्धीवर आलात की पुन्हा घाला.

१७. गटारीला मित्रांसोबत बसलो आणि प्यायलो. आता माळ काढून टाकू का?

हा प्रश्न दर वर्षी श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात येतो. लगेच काही काढू नका. ज्यांनी माळ घातली त्यांना जाऊन सांगा, फोनवर नको, समोर. ते बहुधा एकच विचारतील, पुन्हा बसणार आहेस का? नाही म्हणालात तर पुढची एकादशी नीट करा आणि संपलं. हो म्हणालात किंवा गप्प राहिलात, तर माळ त्यांच्याच हाती परत द्या. परत देण्यात कमीपणा नाही. आतून सोडून वरून मिरवण्यापेक्षा ते बरं, आणि भजनाला यायला माळ लागतच नाही. मागच्या रांगेत जागा असते (प्रश्न ४).

१८. (पालकांकडून) मुलगा फार देवदेव करायला लागलाय. हातचा जाईल का?

हा संसारी माणसांचा पंथ आहे. एकनाथ, तुकोबा, गोरोबा, सावतोबा, सगळे घरदारवाले. सावतोबांनी तर मळ्यातल्या भाजीतच विठाई पाहिली, वारीला गेल्याची कथाही त्यांची फारशी सांगत नाहीत. संन्यास घे असं इथे कुणी सांगत नाही.

पण तुमची काळजी मी झटकून टाकत नाही. मुलगा जेवण सोडतोय, कॉलेज बुडवतोय, मित्र तोडतोय, रात्र रात्र झोपत नाही, किंवा कुणा एका बाबाचंच नाव घेऊन घरातले पैसे नेतोय, असं असेल तर ते वारकरीपण नव्हे. पहिल्या चार गोष्टींत डॉक्टरांना दाखवा, शेवटच्या गोष्टीत त्या बाबाला जाऊन भेटा. बाकी पहाटे उठतोय आणि दारूच्या अड्ड्याऐवजी देवळात बसतोय, एवढीच तक्रार असेल तर चहा करून द्या.

१९. (पालकांकडून) आमच्या घरात तीन पिढ्यांची वारी आहे. मुलगा यायला तयार नाही. काय सांगू त्याला?

काही सांगू नका. आजोबांनी किती हाल काढून वारी केली हे त्याने शंभरदा ऐकलंय. त्याला काम द्या, आणि खरं काम द्या. ट्रकचा हिशेब, पाण्याच्या टँकरचं गणित, राहुट्या उभारणं, कीर्तनाचा माईक. आमच्याकडे एक मुलगा मृदंगाला कणीक लावायला बसला. मृदंगाच्या डाव्या तोंडाला मळलेल्या कणकेचा थर देतात, त्याशिवाय घुमारा निघत नाही. किती लावायची, किती ओली ठेवायची हे ज्याच्या त्याच्या कानावर असतं. तो तीन दिवस त्यातच गुंतला होता. अभंग कोणता चाललाय याकडे त्याचं लक्ष नव्हतं, पण कणीक सुकली की सगळ्यात आधी त्याला कळायचं. पुढच्या वर्षी तो आपण होऊन आला.

आणि यायचंच नसेल तर नको. लहान मुलाच्या गळ्यात घरच्यांनी हौसेने घातलेली माळ तो सोळाव्या वर्षी काढून ठेवतो म्हणाला, तर ठेवू द्या. रागावलात तर परतायची वाट तुम्हीच बुजवाल.

२०. मी परदेशात असतो. एकादशी इथल्या तारखेने धरू की भारतातल्या?

तिथल्या. तिथी सूर्योदयावर ठरते, आणि न्यू जर्सीचा सूर्योदय पंढरपूरच्या सूर्योदयाला होत नाही. त्यामुळे कधी कधी एक दिवसाचा फरक पडतो. गावाचं नाव घातलं की तिथलं पंचांग दाखवणारी ॲप आहेत. आषाढीला मात्र जवळच्या मराठी मंडळाची दिंडी बहुधा सोयीच्या शनिवारी-रविवारी असते. त्यात जा, पण उपवास खऱ्या दिवशी करा. तुळशीची माळ भारतातून नेताना काही देशांत कस्टमला विचारतात. सुकं लाकूड आहे असं सांगून द्या, फॉर्मवर लिहायची जागा असेल तर लिहा. तिथेही प्रश्न २ लागू आहे.

२१. माझा देवावर विश्वास नाही, पण वारीत चालायला आवडतं. आलो तर चालेल?

या. आमच्या दिंडीत असा एक जण आहे, चौथं वर्ष त्याचं. हरिपाठाला बसत नाही. त्या वेळात तो पाण्याचे जार भरतो आणि बायांच्या राहुटीचे खुंटे ठोकून देतो. पाया मात्र सगळ्यांच्या पडतो. त्याला विचारलं तर म्हणतो, ते वेगळं. यंदा त्याने भिशी सगळ्यात आधी भरली आणि ट्रकमध्ये जागा राखून ठेवा म्हणाला. दोन मित्र आणतोय. त्यांच्यासाठी टाळांच्या दोन जोड्या लागतील का, असंही विचारत होता.